आईला वगळून पडणारा उजेड

निकालाचे दिवस आले की लातूरचे चौक गोरे होतात.

दरवर्षी होतात. बस शहरात शिरली की खांबाखांबावर लेकरांचे चेहरे सुरू होतात. नावाखाली गुण, गुणांखाली क्लासचं नाव आणि कोपऱ्यात हात जोडलेले सर. ही लेकरं औशाकडची असतात, उदगीरची असतात, कंधार-भोकरहून एसटीनं आलेली असतात. आठ महिने उन्हात तापणाऱ्या मुलखातली. फ्लेक्सवर मात्र सगळ्यांचा रंग एकच, दुधात बुडवून काढल्यासारखा. नाकाला सावली नाही, डोळ्यांखाली वर्षभराचं जागरण नाही. मी उजेडाचं काम करते, त्यामुळे सावली नसलेला चेहरा मला बघवत नाही. सावली नसली की नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो हे कळत नाही, माणूस पत्र्यासारखा सपाट होतो. यंदाही बसच्या खिडकीतून ती रांग बघितली आणि जुना राग वर आला.

उजेडाचं काम म्हणजे काय, हे मला घरीदारी सगळ्यांना सांगावं लागतं. हैदराबादच्या ज्या स्टुडिओत मी आहे तिथे संगणकावर ॲनिमेशनपट होतात. कोणी पात्रं घडवतं, कोणी ती हलवतं. माझ्याकडे येतात तेव्हा ती पूर्ण अंधारात असतात. संगणकात सूर्य नसतो. घर असतं, अंगण असतं, माणसं हलत-बोलत असतात, पण कोणी दिवा ठेवेपर्यंत पडदा काळाकुट्ट. मग मी एकेक दिवा ठेवते. एक मुख्य, तो पात्राला घडण देतो. एक मंद, तो सावल्यांना जरा आधार देतो. एक पाठीमागून, तो केसांच्या कडा भिंतीपासून सोडवतो. मुख्य दिवा डोक्यावर नेला की म्हातारा दमलेला दिसतो, हनुवटीखाली आणला की तोच म्हातारा लबाड दिसतो. चेहरा तोच असतो, ओठसुद्धा हललेला नसतो. कंधारला वडिलांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे लाईटवाली झालीस म्हण की. एवढं शिकून." आमच्याकडे लाईट म्हणजे वीज. ती जाते आणि येते, त्यापलीकडे तिचं काही काम असतं हे त्यांना पटत नाही.

आमच्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. हे मी विसरत नाही आणि ज्यांच्यामुळे ती मिळाली त्यांनाही विसरत नाही. त्यांत लातूरच्या आमच्या क्लासचे सर येतात. म्हणून हा राग धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा आहे.

सर आम्हाला प्रकाशाचा धडा शिकवायचे तेव्हा खडू खाली ठेवून फळ्यासमोर स्वतःच उभे राहायचे. "मी आरसा, तू किरण," असं म्हणत एखाद्या पोराला बाकांमधून तिरकं चालत यायला लावायचे आणि खांदा धरून पलीकडे वळवून द्यायचे. "ज्या कोनात आलास त्याच कोनात जा. वाकडा गेलास तर बापाला बोलावीन." दीडशे पोरं हसायची आणि नियम कायमचा डोक्यात बसायचा. बारावीत मला टायफॉईड झाला तेव्हा सरांनी मला आपल्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं आठवडाभर मऊ भात करून घातला. मी आज दिव्यांच्या जीवावर पोट भरते, आणि किरण कसा वळतो हे मला त्या माणसानं शिकवलं. हे आधी सांगितलं पाहिजे.

आता बारावीच्या निकालाच्या उन्हाळ्याचं. सुरेखा आणि मी लातूरला एका खोलीत दोन वर्षं राहिलो. ती औसा तालुक्यातली, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावातली. भूकंपात तिची आई गेली, तेव्हा ती चारेक वर्षांची होती. पुढे चुलतीनं वाढवलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता, आणि लगेच म्हणाली, "चिमटे दे." त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. बोलायला फुरसतही नव्हती. दुपारी लाईट जायची, क्लासच्या जनरेटरची घरघर सुरू व्हायची, डिझेलच्या वासात आम्ही गणितं सोडवायचो. झेरॉक्सचे कोमट कागद, डब्यातली शेंगदाण्याची चटणी, टँकर आला की जिन्यावरून घागरींची पळापळ. परीक्षेनंतर गावी न जाता आम्ही निकालाची वाट बघत तिथेच थांबलो, पुढच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत. निकाल लागला. मी बरी होते. सुरेखा क्लासमधून दुसरी आली.

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. तिची चुलती गावाहून आली, आम्ही तिला मुद्दाम दाखवायला नेलं. ती कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघत राहिली.

"आमची सुरी कुठाय यात?"

"ही काय काकू," मी बोट दाखवलं.

"ही? ही तर एखाद्या डॉक्टरणीची लेक दिसायली."

"मीच हाय ती," सुरेखा म्हणाली.

"मंग घरी अशी का न्हाईस?"

आम्ही तिघी हसलो. चुलती तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मला दिसलं की सुरेखा हसता हसता आपल्या डाव्या भुवईवरून बोट फिरवतेय. तिथे तिला एक व्रण होता, भूकंपातला, भुवईचे दोन तुकडे करणारा. फ्लेक्सवर भुवई अखंड होती.

मी रागानं फ्लेक्सच्या दुकानात गेले. रफिकभाई म्हणून होते, गल्लीत सगळे त्यांना ओळखायचे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ताई, माझ्यावर कशाला तापता. सरांनी म्हणलं, सगळ्या लेकरायला एक नंबर करा."

"एक नंबर म्हणजे?"

"बसा, दाखवतो." त्यांनी सुरेखाचा मूळ फोटो उघडला आणि पडद्यावरची एक खूण माऊसनं सरकवली. "हे असं. हिकडं वढलं की दवाखाना, तिकडं वढलं की शेत." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी दोन-तीनदा ओढून दाखवलं. दवाखाना, शेत. दवाखाना, शेत. माझ्या मैत्रिणीचा चेहरा त्या दोन टोकांमध्ये जात-येत होता. उजेड वाढला की व्रण बुडायचा, कमी झाला की वर यायचा. त्यांच्यावर चिडायला गेलेली मी खुर्चीवर बसूनच राहिले. उजेडानं माणसाच्या अंगावर घडलेली गोष्ट पुसता येते, हे मी पहिल्यांदा तिथे बघितलं. पुढे मला मेडिकलला जागा मिळाली नाही, नांदेडला बी.एस्सी. केलं आणि तिथून गाडी पकडून हैदराबादला ॲनिमेशन शिकायला गेले. लोक विचारतात हे कुठून सुचलं. मी काहीतरी गोड सांगते. खरं उत्तर त्या दुकानात आहे.

सत्काराला सरांनी सुरेखाला स्टेजवर जवळ उभं केलं आणि माईकवर म्हणाले, "भूकंपाच्या ढिगाऱ्यातून आम्ही हे रत्न उचललं." टाळ्या पडल्या. तिला ढिगाऱ्यातून तिच्या वडिलांनी उचललं होतं, हातांच्या नखांनी. मागच्या फ्लेक्सवर गोऱ्या सुरेखाची भुवई अखंडच होती. त्यांना भूकंप भाषणात हवा होता, चेहऱ्यावर नको होता.

भूकंपानं आमच्या भागातल्या घरांतला उजेडही बदलला, याबद्दल कोणी लिहीत नाही. जुनी घरं माळवदाची होती. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, बाहेरच्या अंगाला खिडकी नाही, वर मातीचं जड छत. छताच्या मधोमध एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला सानं म्हणतात. घरातला सगळा उजेड त्या सान्यातून यायचा, एका जागी, उन्हाच्या चौकोनासारखा. तो चौकोन दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा आणि बाया त्याच्याबरोबर सरकत जायच्या. निवडणं, टिपणं, लेकरांच्या उवा बघणं, सगळं त्या चौकोनात. कंधारला आमचं घरही तसंच होतं. तिकडे घरं पडली नाहीत, पण ज्या छतांनी औसा-निलंग्याकडची माणसं झोपेत मारली तसलंच छत आपल्या डोक्यावर आहे, हे सगळ्यांना कळलं. कितीतरी दिवस आम्ही उघड्यावर राहिलो. मग आईनं हट्ट धरून माती उतरवली आणि पत्रे टाकले. पत्र्याखाली भगभगीत उजेड आला, चहूकडून, कुठेही बसा. कोणाला कोणाशेजारी सरकायची गरज उरली नाही. मी जुन्या घरांसाठी रडत नाही. त्यांनी माणसं मारली. पण तो उजेड कसा होता हे मला माहीत आहे, आणि माहीत नसलेल्या माणसानं त्याविषयी खोटं बोललेलं मला चालत नाही.

यंदा सरांच्या क्लासनं एक छोटा ॲनिमेशनपट करायला घेतला. चौकात फ्लेक्सच्या जोडीला आता मोठे पडदे आलेत, त्यांवर लावायला. गोष्ट सुरेखाची. भूकंपातली मुलगी, क्लास, डॉक्टर. आपली जुनी विद्यार्थिनी हैदराबादला हेच काम करते म्हणून काम आमच्या स्टुडिओकडे आलं, आणि मला मनापासून आनंद झाला. सुरेखा आता भोकरकडच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. तिनं परवानगी दिली आणि मला वेगळा फोन केला.

"संगे, आईचा एक फोटू न्हाई माझ्याकडं. घरच राहिलं न्हाई तर फोटू कुठून राहील. मला एकच आठवतंय. सान्यातून ऊन पडलेलं, त्यात सूप, सुपात ज्वारी अन् आईचे हात. अन् माझ्या मांडीवर पण तेच ऊन. आम्ही दोघी एका उजेडात बसलो होतो. तेवढं एक नीट कर. बाकी सिनेमात काय दाखवायचं ते दाखवा."

आमच्या दिग्दर्शकानं, पुण्याच्या मुलानं, भिंतीला खिडकी काढली होती आणि उजेड बाजूनं आणला होता. मी खिडकी बुजवायला लावली, छताला भोक पाडायला लावलं. मग एकच दिवा वर ठेवला आणि कित्येक दिवस त्या एका दृश्यावर बसले. उजेड डोक्यावरून आला की भांग चमकतो, खांदे चमकतात आणि चेहरा सावलीत जातो. पण खाली सूप होतं. पांढऱ्या ज्वारीवर पडलेलं ऊन परत वर उठतं आणि खाली वाकलेल्या बाईच्या हनुवटीला, गालांना लागतं. ते जमलं तेव्हा मी खुर्ची मागे सारून खोलीभर फिरून आले.

ते दृश्य घेऊन दिग्दर्शक आणि मी लातूरला सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी चष्मा पुसून बघितलं.

"छान. पण आई इतकी उजळ कशाला? मुलीवर ठेव उजेड. हातात एक पुस्तक दे तिच्या. आई जाऊ दे अंधारात."

"सर, चार वर्षांची आहे ती. पुस्तक कुठून येईल? आणि दोघी एकाच सान्याखाली बसल्यात."

"अगं, कॉम्प्युटरमध्ये काय होत नाही?"

दिग्दर्शक म्हणाला, "होतं सर."

होतं. हे माझ्या धंद्यातलं सत्य आहे. संगणकातल्या दिव्याला सांगता येतं की तू याच्यावर पड आणि त्याच्यावर पडू नको. मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांपैकी एकालाच उजळता येतं. दिव्याच्या यादीतली त्या पात्रापुढची एक खूण काढली की झालं. खऱ्या सूर्याला हे कधी जमलेलं नाही.

"त्यात खोटं होतं सर," मी म्हणाले. "तिची आई अंधारात नव्हती."

"खोटं काय? प्रतीक आहे ते. घरी अंधार, क्लासमध्ये उजेड. पालकांना कळलं पाहिजे ना, कुठून कुठे आली पोरगी." मग ते हसले, आणि त्या हसण्यात जुनी माया खरीच होती. "तू पहिल्यापासून ताणतीस बघ. टायफॉईडमध्ये गोळ्यासुद्धा घेत नव्हतीस. आमच्या घरी काकू मागं लागायची तुझ्या."

मी गप्प झाले. मऊ भात आठवला आणि गप्प झाले. बाहेर आल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "चांगले आहेत यार तुमचे सर." मी म्हटलं, हो. लातूरच्या रस्त्यावर क्लास सुटलेली पोरं पाठीवर दप्तरं घेऊन वाहत होती. आमच्यासारख्यांना असंच गप्प करतात. मारून नाही, रागावून नाही. भाताची आठवण काढून. आम्ही पहिल्या पिढीची शिकलेली माणसं, उपकार आमच्या हाडांत असतात, ते कुठे दाबायचं हे उपकार करणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. आणि ज्यांनी आमच्यासाठी खरोखर हाडं झिजवली त्यांनी कधी काही आठवून दिलं नाही, म्हणून त्यांना अंधारात ढकलणं सोपं जातं. सुरेखाच्या चुलतीचं नाव कुठल्या फ्लेक्सवर आलं? माझ्या वडिलांना सत्काराला कितव्या रांगेत बसवलं? लेकरू हुशार निघालं तर क्लासमुळे, मागे पडलं तर घरामुळे. सगळ्या जिल्ह्यात उजेड असाच लावलाय, एकावर पडणारा आणि शेजारच्याला टाळणारा.

हैदराबादला येऊन मी ती खूण काढली. नोकरी आहे, काढावी लागली. आई विझली. ती पाखडत होतीच, पण अंधारात, आणि शेजारी मुलगी पुस्तक धरून चमकत होती, जणू ऊनसुद्धा निवड चाचणी घेऊन पडलं होतं.

ते दृश्य सरांनीच सुरेखाला मोबाईलवर पाठवलं, 'अभिमान वाटेल' असं लिहून. तासाभरात तिचा मला फोन आला. आवाज अगदी शांत होता, पेशंटशी बोलताना असतो तसा.

"सरांना फोन केलता मी. म्हणलं, माझं नाव काढा, माझी गोष्ट काढा. तर म्हणले, सुरेखा, आम्ही तुला घडवलं. म्हणलं, हाव सर, मला घडवलंत. आईला तुम्ही घडवलं न्हाई, तिला हात लावू नका."

"मग?"

"मग काय. म्हणले, बरं, दुसरं नाव टाकू. गोष्ट काय एकट्या तुझी हाय का, भूकंपातल्या लई पोरी शिकल्या आमच्याकडं."

तसंच झालं. पुढच्या आठवड्यात फिल्म लागली. मुलीचं नाव बदललं, बाकी सगळं तेच. लातूरच्या चौकात आज ती चालू आहे. शेवटी पडद्यावर कामं करणाऱ्यांची नावं येतात, त्यांतून माझं नाव काढून टाका असं मी स्टुडिओत सांगितलं, तर म्हणाले आता उशीर झाला. 'प्रकाशयोजना' या शब्दापुढे माझं नाव चमकतं. कंधारहून वडिलांना कोणीतरी फोटो काढून पाठवला. ते खूश आहेत. त्यांना काय सांगू?

स्टुडिओतलं काम बाहेर नेता येत नाही. म्हणून मी माझं दृश्य घरच्या संगणकावर पहिल्यापासून पुन्हा बांधलं. छत, सानं, सूप, ज्वारी, हात. चेहरा तयार मिळतो, इंटरनेटच्या बाजारात असे चेहरे ठेवलेले असतात, त्यातला एक गावाकडच्या बाईचा घेतला. ज्वारीचा उजेड त्याच्यावर चढवला. एका रविवारी सकाळी ते घेऊन भोकरला गेले. सुरेखाच्या क्वार्टरमध्ये टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं ती रडेल.

तिनं बघितलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

"हात बरोबर हायेत. ऊन बरोबर हाय. पण हे तोंड कुठून आणलंस?"

"तयार असतात. त्यातलं एक."

"मला तिचं तोंड आठवत न्हाई, संगे. इतकी वर्षं आठवायलेय, न्हाई आठवत. मला न्हाई ते तुला कुठून मिळालं?"

मी खुर्चीत बसले. सरांनी आईवरचा उजेड काढला म्हणून महिनाभर मी जळत होते, आणि मीच तिच्या आईच्या चेहऱ्यावर भलत्याच बाईला आणून बसवलं होतं.

"काढू का?" मी विचारलं.

"काढू नको. सावली कर. पण सरांसारखी नको, सगळी विझवू नको. जेवढं मला दिसत न्हाई तेवढंच विझव."

मग ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि आम्ही काम केलं. मी ज्वारीवरून उठणारा उजेड हळूहळू कमी करत गेले. गाल गेले. ओठ गेले. "अजून," ती म्हणाली. डोळे गेले. "भांग राहू दे. भांग आठवतो मला, वरून बघितल्यासारखा, मी मागून चढायचे तिच्या पाठीवर." भांग ठेवला. कानातलं फूल थोडं चमकत होतं, ते बघून म्हणाली, "हे होतं का न्हाई माहीत न्हाई, पण असू दे. असलं पाहिजे." मनगटावर उजेड वाढवायला लावला. मुलीच्या मांडीवर तेच ऊन, तितकंच. बाहेर ओपीडीसमोर कोणीतरी नर्सला हाक मारत होतं.

"बास. हिथंच थांब."

पडद्यावर एक बाई खाली वाकून ज्वारी पाखडत होती. चेहरा नव्हता, आणि तरी ती कोण आहे याबद्दल शंका नव्हती. मग मी फाईल जपून ठेवायला गेले तर संगणकानं नाव मागितलं. स्टुडिओत या पात्राला आम्ही 'आई' एवढंच म्हणत होतो. पटकथेत तेच होतं, सरांच्या भाषणांतही तेच. मी तिच्यासोबत दोन वर्षं एका खोलीत राहिले होते आणि मलाही ठाऊक नव्हतं.

"सुरे, आईचं नाव काय होतं गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि स्वतः एकेक अक्षर टाइप केलं. केवळबाई.